पाच हजारांचं पान आणि आपला फ्लेक्स

बॉस, नोकरी सांभाळून स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय? मग तुमचा पहिला खर्च कुठे होणार ते आत्ताच सांगतो. फ्लेक्सवर!

माझी एक मैत्रीण गारखेड्यात राहते. आठवडाभर वाळूजला एचआरची नोकरी आणि शनिवार-रविवारी घरी केक. (भन्नाट असतात. फुकट खायला मिळतात म्हणून म्हणत नाहीये!) मागच्या वर्षी साठवलेल्या २५ हजारांतले १४ हजार तिने चौकातल्या फ्लेक्सवर घातले. चौथ्या दिवशी तो कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाखाली गायब. फोन आले दोन. त्यातला एक ‘फ्लेक्स कुठे छापला?’ हे विचारणारा. परवानगीचं तर तिच्या डोक्यातही नव्हतं. विनापरवानगी लावलात तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. ‘उरलेले अकरा हजार संपले की ओव्हन विकणार,’ असं मॅडमनी जाहीर करून टाकलं.

तेव्हा मी तिला उस्मानपुऱ्यात नेलं. तारा पान सेंटर. पानांचे पन्नासेक प्रकार आणि त्यात एक ‘कोहिनूर’. खास नवदांपत्यासाठी, केशर-कस्तुरीचं, बाकीचा मसाला गुपित. किंमत पाच हजार रुपये! आता विचार करा, असं पान रोज घेणारे कितीसे असणार? पण सांगणारे सगळेच. पुण्याचे पाहुणे आले की वेरूळ, मकबरा आणि रात्री जेवण झाल्यावर ‘चल, तुला पाच हजारांचं पान दाखवतो’. टीव्हीवाले, यूट्यूबवाले आपापला कॅमेरा घेऊन येतात. पाहुणा कोहिनूरची चौकशी करतो, हसतो आणि साधं मसाला पान खातो. पाच हजारांच्या शेजारी ते फुकटच वाटतं ना! अर्थात, ते साधं पान बेचव असतं तर कोहिनूरचं कौतुक महिनाभर तरी टिकलं असतं का?

हाच फंडा आपल्या शहरानेही वापरलाय. ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, इथल्या मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. एकगठ्ठा खरेदीची सवलत, वर स्टेट बँकेचं स्वस्त कर्ज. एकेकट्याने वर्षभरात घेतल्या असत्या तर शेजाऱ्यांपलीकडे कोणाला कळलं नसतं. एकदम घेतल्या म्हणून देशभर बातमी झाली. जाहिरातीचा खर्च? शून्य.

‘पण मी काय पाच हजारांचा केक करू?’ मैत्रिणीचा प्रश्न. रास्त होता. महाग नको, सांगण्यासारखं हवं. थोडं डोकं खाजवल्यावर तिला दौलताबादच्या रस्त्याकडेची सीताफळं आठवली. बीडच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. मग ठरलं. सीताफळ केक, फक्त सीझनमध्ये, फक्त शनिवारी, फक्त बारा. बिया काढायला अख्खा शुक्रवार जातो, त्यामुळे बाराच्या वर होतच नाहीत. ही काही मार्केटिंगची आयडिया नव्हती, तिची कंबर दुखते!

पहिल्या शनिवारी तिने दोन केक कापून सोसायटीत वाटले, वॉचमन काकांपासून सुरुवात करून. (खालून येणारा-जाणारा ‘कुठला वास येतोय?’ हे त्यांनाच विचारतो.) व्हॉट्सअॅप बिझनेस फुकटच आहे, ते घेतलं. पण त्यातली एक गोम लक्षात ठेवा. ब्रॉडकास्ट केलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून तिने डब्यावर लोगोऐवजी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘नंबर सेव्ह करा, पुढच्या शनिवारी आधी तुम्हाला सांगते.’ बारा स्टिकर, खर्च किरकोळ.

ओव्हन अजून गारखेड्यातच आहे. राजीनामा मात्र मी तिला देऊ दिलेला नाही, कारण सीताफळ संपल्यावर काय, हे अजून आमचं ठरलेलं नाही. गेल्या शनिवारी सव्वादहाला मीच फोन केला. ‘संपले,’ म्हणाली आणि तिकडून चक्क हसू ऐकू आलं.