भांडवल दारापर्यंत

सातारा जिल्ह्यातील म्हसवड हे दुष्काळी माण तालुक्यातले गाव. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने येथे १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद निरक्षर असल्याने परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याच्या तयारीने रिझर्व्ह बँकेत गेल्या.

भाजीवालीला पहाटे माल उचलायला रोकड लागते. तारणाअभावी ती सावकाराकडून घेतली, की दिवसाचा नफा व्याजातच जातो. धंदा सोडून बँकेत जावे, तर रोज बुडतो. म्हणून माणदेशीची माणसे दारी येऊन बचत आणि हप्ते गोळा करतात. जोडीला हिशेब ठेवणे, भाव ठरवणे यांचे शिक्षणही दिले जाते. स्वस्त पतपुरवठा, सोयीचे हप्ते आणि व्यवहारज्ञान ही तिन्ही एकत्र मिळाली, तरच छोटा धंदा टिकतो.