संगणक का रखडतोय, हे त्यालाच सांगू द्या

प्रति,
मा. श्री. सत्या नडेला,
मुख्य कार्यकारी अधिकारी, मायक्रोसॉफ्ट

विषय : अपडेटनंतर संगणक मंदावण्याचे कारण वापरणाऱ्याला कळण्याबाबत

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि ज्यांच्या यंत्रात बसते त्यांना विंडोज ११ घेणे ओघानेच आले. आपले ‘पीसी हेल्थ चेक’ हे ॲप ४ जीबी रॅम दिसली की तिच्यापुढे बरोबरची खूण करते. तेवढ्यावर विंडोज ११ सुरू होते, हे खोटे नाही. पण संगणक नुसता सुरू करून बघत बसायला कोणी घेत नाही. सिस्टीम, अँटिव्हायरस आणि मागे चालणारे प्रोग्रॅम यांतच निम्म्याहून अधिक रॅम जाते. ग्राफिक्स कार्ड वेगळे नसेल तर ग्राफिक्सचा वाटाही तिच्यातूनच निघतो. त्यावर ब्राउझरचे पाच-सहा टॅब आणि एक्सेलची एखादी मोठी फाइल उघडली की जागा संपते आणि विंडोज रॅममधला डेटा उचलून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकू लागते.

ही सोय वाईट नाही. तिच्यामुळेच प्रोग्रॅम अचानक बंद पडत नाहीत. अडचण वेगाची आहे. रॅममधून डेटा यायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. आत्ता बाहेर काढलेला डेटा पुढच्याच क्षणी परत हवा असला की यंत्राचा सगळा वेळ ने-आण करण्यातच जातो. संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी या अवस्थेची, म्हणजे थ्रॅशिंगची, कारणमीमांसा १९६८ मध्येच केली होती. लक्षणेही ठरलेली आहेत : टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांपुढे, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि सीपीयू मात्र जवळजवळ रिकामा. रिसोर्स मॉनिटरमधला ‘हार्ड फॉल्ट्स’चा आकडाही सतत चढा राहिला, तर निदान जवळपास पक्के समजावे. पण हे आकडे जुळवून वाचणारा घरोघरी नसतो. ‘पीसी हँग होतोय’ म्हणून वापरणारा दुकानात जातो, व्हायरसचा संशय घेतला जातो, फॉरमॅट मारून मिळतो. चार दिवस बरे जातात आणि दुखणे परत येते, कारण रॅम तेवढीच असते.

आपले अभियंते म्हणतील, अपडेटनंतर इंडेक्सिंगसारखी कामे चालू असतात, थोडे दिवस थांबा. सल्ला रास्त आहे. मात्र मागच्या आवृत्तीवर परतण्याची मुदत आपण मुळात १० दिवसांचीच ठेवली आहे. मंदपणा तात्पुरता की कायमचा, हे ज्याला ओळखता येत नाही तो थांबून राहतो आणि तेवढ्यात मुदत टळते. रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम, असाही युक्तिवाद होईल. कॅशने व्यापलेली जागा गरज पडताच मोकळी होते, तेव्हा नुसत्या टक्क्याला घाबरू नये, हे मान्यच. म्हणून तर टक्क्याऐवजी मेमरीवरचा ताण दाखवायला हवा. ॲपलने मॅकच्या २०१३ मधील मॅव्हरिक्स या आवृत्तीपासून तो हिरव्या, पिवळ्या, लाल आलेखात दाखवला. लिनक्सच्या कर्नलमध्ये, मेमरीअभावी कामे किती वेळ खोळंबली हे मोजण्याची सोय २०१८ मध्ये आली. राहिला एसएसडी बसवण्याचा उपाय. त्याने मोठा फरक पडतो, पण एसएसडीही रॅमपेक्षा शेकडो पटींनी मंदच. दुखणे सुसह्य होते, जात नाही.

तेव्हा मागणी एवढीच, की जे यंत्राला कळते ते मालकालाही कळू द्यावे. अपग्रेडपूर्वी त्या यंत्रावर रोज किती रॅम लागते ते पाहून ‘चालेल, पण रखडेल’ असा इशारा द्यावा. अनेक स्वस्त लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, वाढवताच येत नाही. तिथे हा इशारा आधी मिळण्यालाच अर्थ आहे. अपग्रेडनंतर ताण टिकून राहिला, तर रॅम अपुरी पडत असल्याचे आणि ती कोणते प्रोग्रॅम खात आहेत हे साध्या भाषेत सांगावे. विंडोज मराठीत चालते, तर हे निदानही मराठीत मिळावे. कोपायलट प्लस पीसीसाठी आपण किमान १६ जीबीची अट घातली, म्हणजे ठरावीक कामाला किती रॅम लागते याचा हिशेब कंपनीकडे आहे. तोच हिशेब ४ जीबीवाल्यांपुढेही मांडावा, मग यंत्र ठेवायचे की बदलायचे ते त्यांचे ते ठरवतील.

कळावे,
एक संगणक वापरकर्ता