फुकटच्या उत्तराचे मोल

३ मे २०२५ रोजी नवा रायपूर येथे छत्तीसगडचे मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटर पार्कचा पायाभरणी समारंभ झाला. इंदूरच्या रॅकबँक कंपनीचा हा प्रकल्प सुमारे १००० कोटी रुपयांचा आहे. त्याची विजेची गरज आरंभी ५ मेगावॅट असून ती पुढे १५० मेगावॅटपर्यंत जाईल, असे सांगण्यात आले. जमीन छत्तीसगडची, आणि ज्या राज्यात वीज मुख्यतः कोळशावर तयार होते त्या राज्याचीच वीज. राज्याच्या प्रगतीचे हे नवे पर्व म्हणून त्याचा गौरव झाला. परंतु अशा यंत्रांतून जे उत्तर बाहेर पडते ते प्रश्न विचारणाऱ्याच्या हिताचे असते की यंत्राच्या मालकाच्या, याची चर्चा कोणी केली नाही. वस्तुतः खरा प्रश्न तोच आहे, आणि गेल्या काही महिन्यांतील घटनांनी तो ऐरणीवर आणला आहे.

भुलवणीचा पहिला पेला

जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना परप्लेक्सिटी कंपनीची सशुल्क सेवा एक वर्ष फुकट देऊ केली. ऑक्टोबरच्या अखेरीस रिलायन्स जिओने गूगलच्या जेमिनीची सेवा १८ महिन्यांसाठी फुकट वाटण्याचे जाहीर केले. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटीची महिना ३९९ रुपयांची 'गो' सेवा भारतात वर्षभर विनामूल्य केली. तीन बलाढ्य परदेशी कंपन्यांना एकाच वेळी भारतीय जनतेचा एवढा कळवळा यावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या देशाला हा प्रकार नवा नाही. १९०३ च्या चहा-उपकर कायद्यानंतर मळेवाल्यांनी याच पैशातून चहाचा प्रचार केला. गिरण्यांत, स्थानकांवर, बाजारात फुकट पेले वाटले. सवय जडली, आणि मग पेल्याला किंमत लागली. फरक इतकाच की, चहा पिणाऱ्याच्या मनात काय चालले आहे हे चहावाल्याला कळत नव्हते. या यंत्राला ते कळते, कारण पिणारा स्वतःच त्याला ते सांगत असतो.

पेल्याची किंमत कशी वसूल व्हायची, तेही आता उघड झाले आहे. मेटा कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले की, तिच्या चॅटबॉटशी लोक जे बोलतात त्याचा उपयोग १६ डिसेंबरपासून फेसबुक व इन्स्टाग्रामवरील जाहिराती निवडण्यासाठी केला जाईल. युरोपीय संघ, ब्रिटन व दक्षिण कोरिया येथे ही योजना तूर्त लागू करण्यात आली नाही. भारताचे नाव मात्र या सवलतीच्या यादीत नव्हते. ज्या ओपनएआयच्या प्रमुखाने २०२४ मध्ये जाहिरातींना अगदी अखेरचा उपाय म्हटले होते, त्याच कंपनीने जानेवारी २०२६ मध्ये फुकट व 'गो' या दोन्ही सेवांत अमेरिकेत जाहिरातींची चाचणी घेण्याचे जाहीर केले. भारतात वर्षभर फुकट वाटलेली सेवा नेमकी कोणती होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

गूगलचा इतिहासही हेच सांगतो. १९९८ मध्ये तिच्या दोन संस्थापकांनी विद्यार्थिदशेत लिहिलेल्या निबंधात असे बजावले होते की, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल. अवघ्या दोन वर्षांत, २००० साली, त्यांनीच जाहिरातींचा धंदा सुरू केला. २०२४ मध्ये त्यांच्या कंपनीच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे तीन चतुर्थांश जाहिरातींतून आले. मेटाच्या बाबतीत हे प्रमाण ९७ टक्क्यांहून अधिक होते. याचे कारण व्यक्तींचा नैतिक अधःपात एवढेच नाही. ज्या उद्योगात प्रचंड भांडवल गुंतते, तेथे ते भांडवल परतावा मागते, आणि संस्थापकाचा सद्हेतू त्या मागणीपुढे टिकत नाही. २०१५ मध्ये ना-नफा संस्था म्हणून जन्मलेल्या ओपनएआयने २०२५ मध्ये आपली रचना गुंतवणूकदारांना सोयीची करून घेतली, हा त्याच नियमाचा पुरावा होय.

जाहिरात आणि कबुली

यावर कोणी म्हणेल, वर्तमानपत्रांतही जाहिराती असतातच. मुद्दा वाजवी आहे, म्हणून फरक नीट पाहिला पाहिजे. वर्तमानपत्रातील जाहिरात आपल्या चौकटीत उभी असते. ती हजारो वाचकांना एकसारखीच दिसते. खोटी असली तर चारचौघांत तिची छाननी होऊ शकते. शिवाय वर्तमानपत्र वाचकाला प्रश्न विचारत नाही. चॅटबॉटशी मनुष्य बोलतो. कर्ज, आजार, घरातील कलह, नोकरीची चिंता, सारे त्याच्यापुढे मांडतो. त्याला जे दाखवले जाते ते त्याच्या एकट्यापुढे असते. शेजाऱ्याला वेगळे दिसते, आणि तुलना करण्यास साक्षीदार उरत नाही.

आरंग वा अभनपूर तालुक्यातील धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्यावे. पिकावर तपकिरी तुडतुडे दिसू लागले, आणि त्याने भ्रमणध्वनीवर उपाय विचारला. कृषिशास्त्राचा सल्ला असा की, बांधीतील पाणी काही दिवस काढून टाकावे, युरियाचा अतिरेक टाळावा, आणि किडीचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय फवारणी करू नये. कारण अविचारी फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी व मित्रकीटक मरतात आणि कीड उलट बळावते. पाणी काढून टाकण्याच्या सल्ल्यात कोणाचाही नफा नाही. नफा औषधाच्या बाटलीत आहे. उत्तर अगदी खरे राहिले आणि त्याखाली बाटलीची जाहिरात आली, तरी हवालदिल झालेला शेतकरी कशाकडे धावेल, हे सांगण्यास तज्ज्ञ नको.

ओपनएआयने असे वचन दिले आहे की, जाहिरातींचा उत्तरांवर परिणाम होणार नाही, संभाषणे जाहिरातदारांना विकली जाणार नाहीत, आणि आरोग्य व राजकारण यांसारख्या विषयांशेजारी जाहिरात दिसणार नाही. या वचनाची नोंद घेतली पाहिजे. पण कंपनीचे वचन म्हणजे कायदा नव्हे. ते ज्या हाताने दिले त्याच हाताने मागे घेता येते, आणि ते पाळले जाते की नाही हे बाहेरच्या सामान्य माणसाला तपासता येणे कठीण आहे.

रायपूरचा धडा

रायपूरने असा एक लढा पूर्वी पाहिला आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव हिंडून छत्तीसगडच्या शेतकऱ्यांकडून धानाचे असंख्य वाण गोळा केले. १९ हजारांहून अधिक वाणांचा हा ठेवा रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात होता. २००२ मध्ये सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी विद्यापीठाने चालवलेला करार उघडकीस आला. शेतकरी, वैज्ञानिक व कार्यकर्ते यांनी आवाज उठवला, आणि वर्षाच्या अखेरीस कंपनीला माघार घ्यावी लागली. पिढ्यानपिढ्यांच्या श्रमातून निपजलेले ज्ञान खासगी तिजोरीत जाऊ द्यायचे नाही, हे जनतेने तेव्हा ठरवले.

चॅटबॉटचे बियाणेही असेच सामुदायिक आहे. शिक्षक, संशोधक, पत्रकार, अनुवादक आणि कोट्यवधी सामान्य माणसे यांनी जे लिहिले त्यावर ही यंत्रे शिकली. ज्यांच्या श्रमाचे हे पीक, त्यांनाच आता ते जाहिरातीच्या वेष्टनात परत विकले जात आहे. वाण जमिनीतले होते, हे वाण भाषेतले आहे. लुटीची रीत एकच.

पैसा कोठून?

ज्ञानाला खर्च लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. तीन वर्षांत ते पैशाअभावी बंद पडले. सप्रे १९२६ मध्ये रायपुरातच निवर्तले. त्यांच्या मासिकाची कहाणी सांगते की, नुसत्या निष्ठेवर ज्ञानाचा व्यवहार चालत नाही. पण पैसा लागतो एवढ्यावरून तो औषध कंपन्यांकडून, सावकारी कर्ज देणाऱ्यांकडून वा शिकवणीवर्गांच्या मालकांकडूनच घ्यावा, असे ठरत नाही. ग्रंथालये, रेडिओ, विद्यापीठे यांसाठी समाजाने पैसा उभा केलाच.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंडिया एआय मिशनसाठी सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा जनतेचा आहे. त्यातून उभ्या राहणाऱ्या यंत्रणांतून मराठी, छत्तीसगढी, गोंडी व हलबी भाषकांना जाहिरातमुक्त सेवा मिळालीच पाहिजे, आणि कृषी विद्यापीठांचा सल्ला त्या सेवेत विनामूल्य आला पाहिजे.

दुसरे असे की, २०२३ च्या ग्राहक संरक्षण मार्गदर्शक तत्त्वांनी छुप्या जाहिरातीला मनाई केली आहे. ती तत्त्वे चॅटबॉटला स्पष्ट शब्दांत लागू करावीत. आरोग्य, शेती, कर्ज आणि शिक्षण या विषयांच्या प्रश्नांशेजारी जाहिरातीस कायद्यानेच बंदी हवी. तिसरे, २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण त्यांतील मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची सवड देण्यात आली. कंपन्या मात्र सवड घेत नाहीत. म्हणून खासगी संभाषणाचा जाहिरातीसाठी वापर स्पष्ट संमतीवाचून करता येणार नाही, आणि संमती नाकारणाऱ्याची सेवा तोडता येणार नाही, हे आजच ठरले पाहिजे.

या मागण्या सभागृहांत मांडल्या जातील तेव्हा जातील. त्याआधी त्या गावसभेत, कामगार संघटनेच्या कचेरीत आणि महाविद्यालयाच्या कट्ट्यावर पोचणे आवश्यक आहे. २००२ मध्ये धानाचे वाण कायद्याच्या कलमाने वाचले नाहीत. ते वाचले, कारण करार कोणाच्या फायद्याचा हा प्रश्न लोकांनी वेळेवर विचारला. उत्तरे देणाऱ्या या यंत्रालाही आज हाच प्रश्न विचारायचा आहे.