गुणपत्रकास जे दिसत नाही

पदवी-परीक्षांचे निकाल लागून पदव्युत्तर प्रवेशांच्या मुदती जवळ येऊ लागल्या, की आमच्या वाचकांपैकी वाणिज्याचे अध्यापक, सनदी लेखापाल, कर-सल्लागार आणि पतसंस्थांचे हिशेबनीस यांच्या दारी एक विद्यार्थी दरवर्षी येऊन उभा राहतो. त्यास वित्तशास्त्राचे उच्च शिक्षण घ्यावयाचे असते, त्याची इच्छा खरी असते. परंतु हातातले बी.कॉम.चे गुणपत्रक त्या इच्छेची साक्ष द्यावयास तयार नसते. त्यास आपण काय उत्तर देतो, याचा विचार या अंकी करावयाचा आहे.

मागे एका शनिवारी मध्य प्रदेशातील सौंसरजवळच्या जामसांवलीस जाणे झाले असता असा एक तरुण भेटला. निद्रिस्त मारुतीच्या दर्शनाची रांग दूरवर गेलेली होती. आम्ही एका चहाच्या दुकानातील बाकावर बसलो. त्याने प्रथम गुणपत्रक पुढे केले : सरासरी ६.२५. मग काहीशा संकोचाने पिशवीतून लाल बांधणीची एक वही काढली. वडिलांच्या संत्र्याच्या बागेचा चार वर्षांचा जमाखर्च तीत होता. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांची पाने वेगळी, खतफवारणी व मजुरी यांचा तपशील, सोसायटीच्या कर्जाचे व्याज, बाग झाडावरच व्यापाऱ्यास दिली तेव्हा मिळालेला विसार, आणि तोडणीच्या वेळी भाव पडल्याचे निमित्त सांगून त्याने कापून घेतलेली रक्कम. शेवटच्या पानावर त्याने असे मांडले होते की, फळ स्वतः तोडून नागपूरच्या बाजारात नेल्यास मिळणारा चढा पण बेभरवशाचा भाव आणि बाग आगाऊ विकल्यास मिळणारा उतरता पण ठरलेला भाव, यांतील अंतर म्हणजे आपली जोखीम दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवल्याबद्दल द्यावे लागणारे मोल होय. वायदेव्यवहारांचे मूळ तत्त्व ज्याने असे बापाच्या बागेत उभे राहून ओळखले, त्यास त्या विषयाच्या परीक्षेत जेमतेम गुण मिळाले होते. कारण घरची भाषा मराठी, शाळेची हिंदी आणि संदर्भग्रंथांची इंग्रजी, असा तीन घाटांचा प्रवास करताना त्याची पहिली दोन वर्षे शब्द समजून घेण्यातच गेली होती.

अशा विद्यार्थ्याची खोटी समजूत घालणे हे पाप आहे. काही दरवाजे टक्केवारीवरच उघडतात, हे त्यास स्पष्ट सांगावे. भारतीय व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश-परीक्षेस सर्वसाधारण उमेदवारास पदवीचे ५० टक्के लागतात. सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमात पायाभूत परीक्षेवाचून थेट प्रवेश हवा असेल तर वाणिज्य-पदवीधरास ५५ टक्के आणि इतर पदवीधरास ६० टक्के लागतात. परंतु ६.२५ या आकड्याचे टक्के किती, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. दहाने गुणावे तर ते ६२.५ होतात, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकाप्रमाणे ते ५५ होतात. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी विद्यापीठाच्या दफ्तरातून रूपांतराचा अधिकृत दाखला मागून घ्यावा, ही पहिली सूचना. दुसरी अशी की, ज्यांचे टक्के खरोखरच उणे पडतात त्यांच्यासाठीही वाट बंद झालेली नाही. सनदी लेखापालाची पायाभूत परीक्षा त्यांस देता येते, आणि पुढे सनदी लेखापालाची पात्रता पुरी झाल्यावर तिला पदव्युत्तर पदवीसमान मानण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली घेतलेला आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एम.कॉम.ला कोणताही पदवीधर बसू शकतो. ही वाट लांबची आहे. कमी प्रतीची नव्हे.

सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांस आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे आमच्या महाराष्ट्रातील वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ एका बाजूस गेला आणि छिंदवाडा दुसऱ्या बाजूस राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला तरी ती सीमा जागची हलली नाही. या मुलांचा माल नागपुरास जातो, सोयरिकी नागपुराकडे होतात. पण महाराष्ट्राच्या प्रवेश-प्रक्रियेत ती परराज्यातील ठरतात आणि अखिल भारतीय वाट्याच्या मोजक्या जागांसाठी त्यांस स्पर्धा करावी लागते. जागा मोजक्या असल्या की निवड करणाऱ्याची नजर प्रथम आकड्यावर जाते. म्हणूनच आकड्याच्या शेजारी ठेवता येईल असा दुसरा विश्वसनीय पुरावा या मुलांस इतरांहून अधिक हवा असतो.

हा पुरावा काय करू शकतो, याचे आपल्याकडील सर्वांत मोठे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे असूनही त्यातील एका बाजूचा आपणांस विसर पडतो. आजच्या मध्य प्रदेशातील महू येथे जन्मलेले भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांस ७५० पैकी २८२ गुण होते. त्या काळी गुण देण्याचा हात आखडता होता हे खरे. तरीही केवळ तो आकडा पाहून कोणी शिष्यवृत्ती दिली असती असे वाटत नाही. परंतु चर्नी रोडच्या बागेत तासन्‌तास वाचत बसणाऱ्या त्या मुलास कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकाने पाहिले होते. केळूसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्यांची शिफारस केली, महाराजांनी प्रश्न विचारून खात्री करून घेतली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे बडोद्याच्याच साहाय्याने १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था या विषयावरील प्रबंध त्यांनी १९१५ साली तेथे सादर केला आणि ते एम.ए. झाले, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, त्यास त्यांचे गुरू सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. विद्वत्ता आंबेडकरांची स्वतःची होती. केळूसकरांनी इतकेच केले की, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट योग्य ठिकाणी जाऊन सांगितली.

आपण लिहितो त्या शिफारसपत्रांत मात्र असे पाहिलेले काही क्वचितच असते. ‘उमेदवार मेहनती, प्रामाणिक व सद्वर्तनी आहे’ हा मजकूर नाव बदलून शंभर जणांस चालतो, सबब तो एकाच्याही उपयोगी पडत नाही. कमी गुणांच्या विद्यार्थ्यासाठी लिहिताना ते गुण लपवू नयेत. ते का पडले हे दोन वाक्यांत सांगावे, कोणत्या सत्रापासून सुधारणा झाली ते दाखवावे, आणि त्याने केलेल्या एका कामाचा, एका ताळेबंदाचा, एका वहीचा तपशील द्यावा. ज्याचे काम पाहिले नाही त्यासाठी लिहू नये. पण ज्याचे पाहता येईल त्याचे पाहण्यास वेळ नाही असे म्हणू नये.

जामसांवलीच्या त्या तरुणाची वही आम्ही दोन तास बसून वाचली आणि तिच्याविषयी पत्र लिहून दिले. अशा वह्या तुमच्याही तालुक्यात आहेत. यंदाच्या प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने निदान एक तरी उघडून वाचावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.