घरगुती चार शब्द : धुवून पुन्हा वापरायची चड्डी



या सदरात आम्ही नवराबायकोने आजवर लोणच्याच्या बरणीपासून गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत पुष्कळ लिहिलं. या वेळचा विषय मात्र असा, की कागद पुढे घेऊन आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. शेवटी ठरलं, नेहमीप्रमाणे "आम्ही" म्हणूनच लिहायचं, म्हणजे कोणाचं गुपित कोणतं हे तुम्हाला कळायचं नाही.

सन २०२४ ची दरफाळणी, म्हणजे योम किप्पूर, शाब्बाथलाच आली होती. आमच्या घरातलं एक माणूस पांढरे कपडे घालून सिनेगॉगमध्ये गेलं, आणि दरवर्षीची जागा सोडून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलं. तेफिला चालू असताना चार वेळा उठून बाहेर गेलं. नेइलाच्या आधी तर सरळ घरी निघून आलं. साठ-पासष्ट वर्षांत शोफार ऐकल्याशिवाय घरी आल्याचं आम्हाला आठवत नाही. कारण काय? खोकला आला की दोन थेंब, उठताना दोन थेंब, आणि अंगावर पांढरं कापड. कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही एकमेकांना सांगितलं नाही. घरात दोनच माणसं, तरी गुपितं असतात.

पुढे नात सैन्यातून सुट्टीवर आली. सोफ्यावरची उशी तिने उचलली, तर खाली प्लास्टिकची पिशवी घडी करून ठेवलेली. तिला काय ते कळलं. अर्धं इव्रीत, अर्धं मराठी अशा तिच्या भाषेत ती म्हणाली, "सावता, साबा, याच्यासाठी चड्डी मिळते ना! पिशवीवर कशाला बसता?"

आम्हाला वाटलं, ती म्हाताऱ्यांच्या खीतूलबद्दल बोलते आहे, म्हणून आम्ही रागावलो. पण ती वेगळंच सांगत होती. दिसायला साधी, नेहमीची चड्डी. मधल्या भागात कापडाचे तीन-चार थर शिवलेले. अंगाला लागणारा थर ओल खाली सोडतो, मधले थर ती पिऊन धरून ठेवतात, आणि सर्वांत बाहेरचा पातळ थर ओल कपड्यांपर्यंत जाऊ देत नाही. वापरा, धुवा, वाळवा, परत घाला.

खरं तर यात नवं ते काय? आमची आजी अलिबागेकडे जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे फाडून घडी करून ठेवायची. कशासाठी, ते आम्ही लहानपणी कधी विचारलं नाही. परसात वईवर, मोठ्या कपड्यांच्या आड ते तुकडे वाळत असायचे. आता वाटतं, आजीचंही हेच असेल. सात बाळंतपणं झालेली बाई.

आता आमची फजिती ऐका. आम्ही घाईघाईने दुकानात गेलो आणि तीन चड्ड्यांचं एक पाकीट आणलं. घरी येऊन नातीने वाचलं, तर त्या मुलींनी महिन्याच्या दिवसांत वापरायच्या! त्या दिवसांतलं स्रवणं हळूहळू होतं. लघवी पाण्यासारखी पातळ, एकदम येते, आणि थर जाड नसला तर बाजूने पळते. पहिल्याच शिंकेला परीक्षा झाली आणि चड्डी नापास. म्हणून दुकानात किंवा बेत मेर्काखातमध्ये विचारताना शब्द नीट विचारा: ताख्तोनिम सोफगिम, म्हणजे शोषून घेणाऱ्या चड्ड्या, आणि पुढे लेब्रिखात शेतेन, म्हणजे लघवी सुटण्यासाठी. धुवून वापरायची हवी तर राव-पअमी. हे शब्द चिठ्ठीवर लिहून काउंटरवर ठेवले तरी चालतात. आम्ही तसंच केलं. मागे रांग होती, मोठ्याने कशाला बोला?

पण दुकानात जाण्याच्याही आधी एक काम आहे, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच: आपलं किती जातं ते मोजा. माणूस घाबरला की सगळ्यात जाड वस्तू घेतो, मग ती उन्हाळ्यात घामाने चिकटते, मांड्या लाल होतात आणि चार दिवसांत कपाटात जाते. आम्ही मलिद्याचे पोहे-खोबरं मोजायचा स्वयंपाकघरातला काटा काढला. (धुऊन परत ठेवला, काळजी नसावी.) साधं पॅड कोरडं असताना पिशवीत घालून वजन केलं, दिवसभर वापरल्यावर त्याच पिशवीत घालून पुन्हा वजन केलं. जितके ग्रॅम वाढले, साधारण तितके मिलिलीटर गेले. तीन दिवस मोजा: एक घरी बसल्याचा, एक बाजारातून पिशव्या उचलून आणल्याचा, एक बस पकडून कुठे जाऊन आल्याचा. आमच्यापैकी एकाचे निघाले १० ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे! आणि आम्ही समजत होतो पेला भरेल. दुसऱ्याचे जरा जास्त निघाले, त्यावर येथे चर्चा नको.

चड्डीच्या पाकिटावर ५०, १००, १५० असे मिलिलीटरचे आकडे असतात. तो आकडा आपल्या मोजमापाच्या दुप्पट असावा असं आम्ही ठरवलं. कारण माणूस बसतो तेव्हा भाराने कापड दाबलं जातं आणि प्यालेलं थोडं परत वर येतं. शिवाय ओल सगळ्या कापडावर सारखी पसरत नाही. तरी एक सांगून ठेवतो. मोठ्या माणसाची पूर्ण लघवी एका वेळी ३०० ते ४०० मिलिलीटर होऊ शकते. तेवढी अचानक सुटत असेल तर या हलक्या चड्डीचं ते काम नव्हे. रात्रीसाठीही हिच्यावर विसंबू नका. आडवं झाल्यावर ओल थरांच्या बाहेर, पाठीकडे किंवा कुशीकडे जाते.

पुरुषांची आणि बायकांची चड्डी एक नव्हे. पुरुषांना थर पुढे हवेत, बायकांना मध्ये आणि थोडे मागे. बायकोची घालून भागवू नये. भागवलं होतं, म्हणून सांगतो.

मापासाठी कंबर आणि कुल्ल्यांचा सर्वांत रुंद भाग असं दोन्ही टेपने मोजा. मांडीशी इलास्टिक घट्ट बसावं, पण काढल्यावर लाल वळ उरू नये. सैल असली तर गळती तिथूनच होते. ज्या बायकांचा जन्म साडी-परकरात गेला त्यांना कंबरेवर उंच येणारी बरी वाटते. घालताना पलंगावर बसून घाला. एका पायावर उभं राहून चड्डी घालायचं आपलं वय गेलं. कापड बोटांत धरून कानाजवळ चोळून पाहा. बाहेरचा थर सर सर वाजत असेल तर अमिदा चालू असताना सगळ्यांना ऐकू येईल. रंगाचं म्हणाल तर पांढऱ्या कपड्यांखाली पांढरी चड्डी उठून दिसते, अंगाच्या रंगाची दिसत नाही. आणि आतला थर फिका असलेला बरा. काळ्या कापडावर रक्ताचा डाग पडला तर कळणारच नाही, आणि तो कळायलाच पाहिजे.

पहिल्यांदा एकच आणा. दोन-तीन वेळा धुवा, कारण नवं कोरं कापड ओल लवकर पीत नाही, वर थेंब तरंगत राहतात. मग आपलं जितकं मोजलं तितकं पाणी वाटीत घेऊन हळूहळू मधल्या भागावर ओता, मिनिटभर थांबा, कोरडा कागदी रुमाल ठेवून हाताने दाबा. रुमाल थोडा दमट झाला तर ठीक, चिंब झाला तर ही चड्डी तुमची नव्हे. चांगली निघाली की बाकीच्या घ्या.

किती घ्याव्या? एक अंगावर, एक धुण्यात, एक दोरीवर, असं धरून रोजच्याला पाच-सहा. पण आपल्याकडे शाब्बाथ आहे. शाब्बाथ पाळणाऱ्याला धुणं नाही, भिजत घालणंही नाही. सन २०२४ मध्ये रोश हाशाना गुरुवार-शुक्रवार आणि पाठोपाठ शाब्बाथ असे तीन दिवस सलग आले होते. तेव्हा दिवसाला दोन लागत असतील तर तीन दिवसांच्या सहा, आणि एक वरची. सात म्हणजे चैन नव्हे, हिशेब आहे. आधी खर्च जड वाटतो, खोटं कशाला बोला. पण पॅडची पाकिटं दर महिन्याला आणतच राहावी लागतात.

धुण्यात बहुतेक जण चुकतात. काढल्याबरोबर गार पाण्याखाली धरून पिळा. लघवी कापडात पडून राहिली की तिचा अमोनिया होतो, आणि मग वास जाता जात नाही. मशीनमध्ये ४० अंशांवर, बाकी कपड्यांबरोबर चालते. मेराकेख, म्हणजे कपडे मऊ करायचं ते सुवासिक औषध, अजिबात घालू नका. ते धाग्यांवर तेलकट थर चढवतं आणि चड्डी पाणी प्यायचीच बंद होते. ब्लीच नको, इस्त्री नको, गरम ड्रायर नको, नाहीतर बाहेरचा थर तडकतो. आपल्याकडे ऊन आहे, दोरी आहे. थर जाड असल्याने हिवाळ्यात पूर्ण दिवस लागतो, कधी दीड. आम्ही बाल्कनीत आतल्या दोरीवर घालतो, पुढे टॉवेल. आजीची वई आठवते.

बाळगोपाळांनो, आता तुमच्याशी. पोटात खाली लघवीची एक पिशवी असते, फुग्यासारखी, आणि तिचं तोंड धरून ठेवणारे स्नायू असतात. तुम्ही दोन वर्षांचे होता तेव्हा ते धरायला शिकला. आजी-आजोबांचे ते थकतात, जसे गुडघे थकतात. गुडघ्याला आपण हसतो का? तुमचे खीतूल आम्ही किती बदलले, ते मोजलेले नाहीत. तुम्हाला एक काम देतो: चड्डीच्या आतल्या चिठ्ठीवरची चित्रं वाचून दाखवा. टबात ४० म्हणजे ४० अंशांपर्यंत धुवा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. चौकोनात गोल आणि त्यावर फुली म्हणजे ड्रायर नको. आमचे चष्मे तेवढं बारीक वाचत नाहीत.

चड्डी मिळाली म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळू नका. एकाएकी सुरू झालं, जळजळ होते, ताप आहे, लघवीत रक्त दिसलं, किंवा उलट लघवी अडली, तर थांबू नका, लगेच दाखवा. कधी नुसता लघवीचा संसर्ग असतो, कधी मधुमेह, कधी पुरुषांचं प्रोस्टेट, कधी पाय सुजतात म्हणून दिलेली लघवीची गोळी. ती गोळी मनाने बंद करू नका, वेळ बदलता येईल का ते विचारा. आम्ही कुपत खोलिममध्ये घरच्या डॉक्टरला सांगितलं. सांगताना मान खाली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाली, आज सकाळपासून तुम्ही तिसरे. तिने हफ्नाया दिली रित्स्पात हा-अगानच्या फिजिओथेरपीसाठी, म्हणजे खालच्या स्नायूंच्या व्यायामासाठी. लघवी धरून ठेवताना आपण आवळतो तसं आवळायचं, थोडं धरायचं, सोडायचं. रोज करायचं, आणि फरक दिसायला तीन महिने तरी द्यायचे. आमच्यापैकी एकाला चांगला फरक पडला, दुसऱ्याने कंटाळा केला.

आणि पाणी तोडू नका. आम्ही तेच करत होतो, बाहेर जायचं म्हणून सकाळपासून कोरडे. त्याने लघवी दाट होऊन पिशवीला जास्त टोचते, बद्धकोष्ठ होतो, आणि या देशाच्या उन्हात घेरी येऊन पडाल ती गोष्ट निराळी. कमी करायचाच तर चहा कमी करा. त्यात पिशवीला डिवचणारं कॅफिन असतं. चार कपांचे आम्ही दोन केले. यापेक्षा कठीण उपाय या लेखात दुसरा नाही.

सन २०२५ च्या दरफाळणीला आमच्या घरातलं ते माणूस आपल्या जुन्या जागेवर, तिसऱ्या ओळीत बसलं होतं. थैलीत एक जादा चड्डी आणि एक बंद होणारी पिशवी होती, ती उघडावी लागली नाही. दोनदा उठलं, पण ते सगळेच उठतात. शोफार वाजला, आणि मग घरी येऊन चहा घेतला, दुसरा कप.

पुढच्या अंकी कानात घालायच्या यंत्राबद्दल लिहिणार आहोत. ज्यांनी ते घेऊन कपाटात ठेवलं आहे, त्यांनी तोवर बॅटरी काढून ठेवावी.