डोह राखला, नदी गेली

वन्यजीवांचे रक्षण म्हटले की सुशिक्षितांच्या डोळ्यांसमोर ताडोबाचा वाघ येतो, फार तर भीमाशंकरचा शेकरू. पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या मधून वाहणाऱ्या इंद्रायणीलाही आपला असा एक रानजीव आहे, याचे स्मरण सहसा होत नाही. तो म्हणजे दख्खनचा महाशीर मासा. कर्नल साइक्स याने 1839 साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून.

देहू-आळंदीच्या डोहांत मासे न धरण्याचा प्रघात फार जुना. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली झाला. त्याच्या कितीतरी आधी भाविकांनी येथे माशांना अभय दिले होते. परंतु श्रद्धा जाळे अडवू शकते, सांडपाणी अडवू शकत नाही. महाशीरला वाहते, निर्मळ आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. मैला कुजू लागला की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि गळ न टाकताही मासा मरतो. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या वाढत्या गावांचे सांडपाणी देहूकडे वाहते; तळवडे, चिखली, निघोजे, मोई या पट्ट्यातील वस्त्यांचे व कारखान्यांचे आळंदीकडे. आळंदीच्या घाटापाशी वारंवार दिसणारा पांढरा फेस वारकऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत इंद्रायणी आहे आणि तिची शेजारीण पवनाही.

याच इंद्रायणीच्या वरच्या अंगाला, लोणावळ्याजवळ वळवण येथे, टाटांच्या वीजकंपनीने गेली अनेक दशके महाशीरची पैदास चालवली आहे. तेथील पिले दूरदूरच्या जलाशयांत सोडली गेली. पूर्वी संकटग्रस्त गणलेल्या या जातीला आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने 2018 साली त्या वर्गातून काढले. ही वार्ता आनंदाची खरी. पण परक्या तलावांत जात तगली म्हणून तिची मूळ नदी वाचली, असे होत नाही.

दोष एकट्या कारखानदारांच्या माथी मारणे सोपे आहे. घराघरांतून निघणारा मैलाही तितकाच घातक आहे, आणि त्याची सोय न पाहता नव्या इमारतींना परवाने दिले जातात. जलप्रदूषणाचा कायदा 1974 पासून अस्तित्वात आहे. आधी शुद्धीकरणाची यंत्रणा, मग बांधकामाचा परवाना, एवढा क्रम शासनाने व नगरसंस्थांनी कसोशीने पाळला, तरच देहूच्या डोहाला दिलेले अभय सार्थ ठरेल.