गळती दिसेल, जबाबदारीचे काय?

संसदेच्या प्रश्नोत्तरांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांना दोन वाक्ये तोंडपाठ असतात. पहिले, 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' दुसरे, 'वरील उत्तर पाहता हा प्रश्न उद्भवत नाही.' पहिल्या वाक्याची निदान आश्वासन म्हणून नोंद होते, ते तीन महिन्यांत पुरे व्हावे अशी अपेक्षा असते आणि तसे न झाल्यास शासकीय आश्वासनविषयक समिती मंत्रालयाला जाब विचारू शकते. दुसऱ्या वाक्यानंतर मात्र विचारण्यासारखे काहीच उरत नाही. वायुगळतीचा विषय आपल्याकडे वर्षानुवर्षे या दोन वाक्यांच्या मध्ये अडकला आहे. दुर्घटना घडली की पहिले वाक्य, एरवी दुसरे. गळती दिसत नाही म्हणून ती नाही आणि ती नाही म्हणून प्रश्नच उद्भवत नाही, असा हा सोयीचा तर्क आहे.

हा तर्क आता टिकणारा नाही. नैसर्गिक वायूची गळती लेसर-किरणांच्या साह्याने दुरूनच आणि बऱ्याच अचूकतेने हेरणारे तंत्र प्रयोगशाळेबाहेर येऊन दोन दशके लोटली आहेत. त्यामागील तत्त्व अवघड नाही. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो आणि मिथेनचा रेणू ठरावीक तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शोषून घेतो. १.६५ मायक्रोमीटरच्या आसपासची तरंगलांबी ही त्यांपैकी एक. नेमक्या त्या तरंगलांबीवर जुळवलेला किरण भिंतीवर किंवा जमिनीवर सोडायचा, आदळून परतणारा क्षीण प्रकाश टिपायचा आणि त्यातील किती भाग वाटेत शोषला गेला हे मोजायचे, एवढेच त्याचे मर्म. हाती धरण्याजोगे उपकरण सुमारे ३० मीटरवरून हे काम करते. त्यामुळे कुलूपबंद घराच्या खिडकीतून, पुलाखालून जाणाऱ्या वाहिनीवर किंवा इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरील जोडावर खालूनच नजर ठेवता येते. हेलिकॉप्टर वा विमानातील यंत्रणा दोन तरंगलांबींचे किरण सोडते. एक मिथेन शोषून घेतो ती आणि दुसरी तिच्या शेजारची, तो शोषत नाही ती. परतलेल्या दोन प्रकाशांतील फरक म्हणजे वाटेत भेटलेला वायू.

आजवर आपली भिस्त कशावर होती, ते पाहिले म्हणजे या तंत्राचे मोल कळते. एक, माणसाचे नाक. परंतु नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो आणि वास देणारे रसायन साधारणतः शहराच्या वेशीवर मिसळले जाते. शेतांतून, गावांतून जाणाऱ्या मुख्य वाहिन्यांजवळ नाकाचा भरवसा धरता येत नाही. दोन, वाहिनीवरून पायी फिरणारा पहारेकरी, ज्याची नजर मुख्यतः खोदकामावर आणि अतिक्रमणावर असते. तीन, नियंत्रणकक्षातील आकडे. वाहिनीच्या एका टोकाला शिरलेला आणि दुसऱ्या टोकाला निघालेला वायू यांचा ताळा घेतला की मोठी फूट लगेच कळते. लहान गळती मात्र मापनाच्या त्रुटीत हरवून जाते. लेसरचे काम नेमके या उरलेल्या जागेत आहे.

या तंत्राच्या मर्यादाही स्पष्ट आहेत आणि त्या लपवून त्याची वकिली करणे गैर ठरेल. दाट धुक्यात व पावसात किरण विखुरतो; दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीत हा अडथळा मोठा आहे. जोराचा वारा वायूला मूळ जागेपासून दूर नेतो. जमिनीखालील वायू भेगांतून, गटारांतून वाट काढत कोठेतरी भलतीकडेच वर येतो. मिथेनवर जुळवलेल्या लेसरला दुसरा विषारी वायू दिसत नाही, त्यामुळे भोपाळ वा २०२० सालच्या विशाखापट्टणमसारख्या रासायनिक दुर्घटनांवर हे उत्तर नव्हे. तरीही नैसर्गिक वायूच्या वाहिन्यांपुरते बोलायचे, तर 'आम्हाला कळलेच नाही' असे म्हणण्याची मुभा या तंत्राने बरीचशी काढून घेतली आहे.

परंतु कळण्याने काय साधते? आंध्र प्रदेशातील तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातील नगरम या गावी २७ जून २०१४ रोजी पहाटे 'गेल'ची १८ इंची वाहिनी फुटली आणि आगीत वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोरड्या वायूसाठी असलेल्या वाहिनीतून पाण्याचा व द्रवाचा अंश असलेला वायू वाहत होता आणि वाहिनी आतून गंजली होती, हे नंतर समोर आले. गळतीची तक्रार आम्ही आधीच केली होती, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते. लेसर असता तर नगरम वाचले असते, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. गंजलेली वाहिनी एखाद्या क्षणी एकदम उकलते. पण एक गोष्ट निश्चित बदलली असती. 'वास येतो' ही गावकऱ्याची तक्रार नाकारता येते, तिच्यावर 'पाहणी केली, काही आढळले नाही' असा शेरा मारून ती बंद करता येते. दिनांक, वेळ, अक्षांश-रेखांश आणि वायूचे मोजमाप असलेली नोंद अशी मिटवता येत नाही. लेसरचे राजकीय महत्त्व येथे आहे. ज्याच्या शब्दाला वजन नाही त्याच्या हाती तो पुरावा देतो.

अर्थात पुरावा असूनही कोणी हलले नाही, असे प्रगत देशातही घडते. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, २०१३च्या आरंभी संशोधकांनी हवा आत ओढून ती लेसरने तपासणारे उपकरण मोटारीत बसवले आणि शहराचे सुमारे २,४०० किलोमीटर रस्ते पालथे घातले. ५,८९३ ठिकाणी गळती आढळली. पुढे १९ ठिकाणी गटारांच्या झाकणांखाली अधिक तपास केला, तेव्हा १२ ठिकाणी मिथेन स्फोटाच्या मर्यादेपलीकडे साचलेला निघाला. वायू पुरवणाऱ्या कंपनीला ते कळवण्यात आले. चार महिन्यांनी हे संशोधक पुन्हा गेले, तेव्हा त्यांपैकी नऊ ठिकाणी धोका तसाच होता. महासत्तेच्या संसदभवनाच्या शहरात, यंत्राने दाखवून आणि माणसाने कळवूनही ही गत!

याच्या शेजारी मॅसेच्युसेट्स राज्याचा अनुभव ठेवून पाहावा. बोस्टन शहराच्या सुमारे १,२६० किलोमीटर रस्त्यांवर याच पद्धतीने ३,३५६ गळत्या नोंदल्या गेल्या. त्यांचा नकाशा लोकांपुढे आला, त्यावर चर्चा झाली आणि २०१४च्या जुलैत राज्याने कायदा केला. गळतीचे तीन वर्ग ठरले. जीविताला वा मालमत्तेला तत्काळ धोका असेल तेथे दुरुस्ती लगेच, दुसऱ्या वर्गातील दुरुस्ती वर्षभरात, तिसऱ्यावर नियमित नजर आणि सर्वांची ठिकाणवार यादी दरवर्षी नियामकाकडे. सगळ्या गळत्या त्यामुळे थांबल्या असे नव्हे. पण कोणती गळती कोणाची आणि केव्हापासूनची, हे नागरिकाला विचारता येऊ लागले. दोन्ही शहरांत उपकरण एकाच जातीचे होते. फरक पडला तो उपकरण थांबल्यानंतर सुरू होणाऱ्या व्यवस्थेने. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२४मध्ये अमलात आलेल्या मिथेनविषयक नियमांनी गळती शोधणे आणि मुदतीत बुजवणे बंधनकारक केले. अमेरिकेच्या केंद्र सरकारने जानेवारी २०२५मध्ये तयार केलेला असाच नियम मात्र सत्तांतरानंतर प्रसिद्धीपूर्वीच मागे घेण्यात आला. तंत्रज्ञानाचा निर्णय शेवटी राजकारणच करते, तो असा.

आपल्याकडे हा प्रश्न वाढत जाणार आहे. ऊर्जेतील नैसर्गिक वायूचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास असून तो २०३०पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. मुख्य वायुवाहिन्यांचे जाळे सुमारे २५ हजार किलोमीटरचे झाले आहे आणि नळाने वायू मिळणारी घरे दीड कोटीच्या घरात आहेत. दिल्लीतील बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सीएनजीवर आल्या, त्याला दोन तपे उलटली; राजधानीतील असंख्य सरकारी निवासस्थानांतून सिलिंडर केव्हाच हद्दपार झाला. हे सारे स्वागतार्ह आहे. पण जेवढी वाहिनी लांब, तेवढे जोड अधिक आणि जेवढी ती शहरात खोल, तेवढे तिच्यालगत रस्ते खोदणारे हातही अधिक.

या जाळ्यावर देखरेख कोणाची? तांत्रिक मानके ठरवणारे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६च्या कायद्याने आले. तेल उद्योग सुरक्षा संचालनालय १९८६पासून पेट्रोलियम मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. स्फोटक पदार्थांची सुरक्षा पाहणारी संघटना वाणिज्य मंत्रालयाकडे आहे. शिवाय राज्यांचे कारखाना निरीक्षक आणि जिल्हा प्रशासन आहेच. नियमांत गळती-सर्वेक्षणाची तरतूद आहे; काही कंपन्या लेसर उपकरणे आणि ड्रोन वापरतही आहेत. नाही ती खुली नोंदवही. आपल्या गल्लीतील वाहिनीची तपासणी केव्हा झाली, काय सापडले आणि ते कधी बुजवले, हे सामान्य ग्राहकाला सहज पाहता येईल अशी सोय नाही.

ती का नाही, याचे उत्तर प्रशासनात उमेदवारी केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. आपल्या व्यवस्थेत न कळणे सुरक्षित असते आणि कळणे जोखमीचे. गळतीची नोंद झाली की ती कोणाच्या तरी टेबलावर येते. टेबलावर आली की तिच्यावर निर्णय घ्यावा लागतो आणि पुढे दुर्घटना घडलीच, तर ती नोंद सही करणाऱ्याच्या विरोधात उभी राहते. नोंदच नसेल तर दोष दैवाचा. शंभर गळत्या शोधणारा अधिकारी निष्काळजी ठरतो आणि एकही न शोधणारा कार्यक्षम, असे असेल तर महागडे उपकरण कपाटात राहणार हे उघड आहे.

खुल्या नोंदवहीविरुद्धचे आक्षेपही विचारात घेतले पाहिजेत. समाजकंटकांना वाहिन्यांचा ठावठिकाणा लागेल, हा पहिला आक्षेप. परंतु 'येथे खोदू नका' असे सांगणारे फलक वाहिनीच्या मार्गावर आधीच उभे आहेत. लोक घाबरतील, हा दुसरा. माहितीने लोक घाबरतात त्याहून अधिक अफवांनी घाबरतात. खर्चाचा तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो आणि हवेत विरून जाणाऱ्या वायूवरही परकीय चलन खर्च झालेले असते, हे त्याच हिशेबात मांडले पाहिजे.

याला आणखी एक बाजू आहे. ग्लासगो येथील २०२१च्या हवामान परिषदेत मांडल्या गेलेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सहभागी झाला नाही. आपला मिथेन मुख्यतः भातशेतीतून आणि पशुधनातून येतो, तो कोट्यवधी गरिबांच्या उपजीविकेशी बांधलेला आहे, ही भूमिका रास्त आहे. पण वाहिनीच्या जोडातून सुटणारा मिथेन कोणाच्याही उपजीविकेचा नाही. वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडहून ८० पटींपेक्षा अधिक तापवणारा हा वायू शेतकऱ्याच्या आडून सोडून देता येणार नाही. उलट तो आपण काटेकोर रोखला, तर शेतकऱ्याची बाजू मांडण्याचा आपला अधिकार अधिक भक्कम होईल.

मग करायचे काय? नियमाने उपकरणाचे नाव नव्हे, तर किती लहान गळती सापडलीच पाहिजे ती मर्यादा ठरवावी. तंत्र बदलले तरी नियम जुना होणार नाही. गळतीची प्रतवारी आणि प्रत्येक प्रतीला दुरुस्तीची मुदत बंधनकारक असावी. स्वतःहून नोंदवलेल्या व मुदतीत बुजवलेल्या गळतीबद्दल दंड नसावा, लपवलेल्या गळतीबद्दल जबर असावा. म्हणजे शोधणाऱ्याला संरक्षण मिळेल. आणि शेवटची गोष्ट तर जवळपास बिनखर्चाची आहे. नियामक मंडळाचा वार्षिक अहवाल संसदेपुढे येतोच. तपासलेले किलोमीटर, सापडलेल्या गळत्या, मुदतीत बुजवलेल्या आणि मुदत उलटलेल्या, असा एक कंपनीनिहाय तक्ता त्यात जोडला जावा. पेट्रोलियम खात्याच्या स्थायी समितीला उलटतपासणीसाठी तेवढे पुरेसे आहे.

या शहराला वायुगळती नवी नाही. ४ डिसेंबर १९८५ रोजी, भोपाळच्या बरोबर वर्षानंतर, दिल्लीतील श्रीराम खत कारखान्यातून ओलियम वायू फुटला. त्याच प्रकरणात पुढल्या वर्षी सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने निरपवाद दायित्वाचे तत्त्व सांगितले. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याला 'आम्ही पुरेशी काळजी घेतली होती' हा बचाव उरणार नाही, असा त्याचा आशय. न्यायालयाचे हे तत्त्व दुर्घटनेनंतर, भरपाई ठरवताना कामी येते. दुर्घटनेआधी तसेच काही हवे असेल तर ते संसदेने करायचे आहे. एखाद्या सदस्याने पुढील अधिवेशनात एवढेच विचारावे की गेल्या वर्षी किती गळत्या सापडल्या आणि त्यांपैकी किती अजून उघड्या आहेत. या प्रश्नाला 'उद्भवत नाही' असे उत्तर देणे आता मंत्रालयाला अवघड जाईल आणि 'माहिती गोळा करण्यात येत आहे' एवढे उत्तर मिळाले, तरी निदान तीन महिन्यांची घड्याळाची टिकटिक सुरू होईल.